आपण पाहत आहात साजिरी

अंबरनाथ पूर्व, १४ जून

किर्ती,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न वाचताच फाडणार असशील, तर जरा थांब. फोन तू उचलत नाहीस. काल शिरगावला तुमच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहिले, तर जितेश खाली आला आणि म्हणाला, वर नको येऊस ताई, ती तुला काहीबाही बोलेल आणि मग मला दोघींचं ऐकावं लागेल. माझा सख्खा धाकटा भाऊ, ज्याचं नाक पुसत मी शाळेत नेलं, तो मला जिन्यातून परत पाठवतो. मी पण काही कमी नाही. तिथंच वॉचमनसमोर त्याला चार शब्द सुनावले. मग रिक्षात बसल्यावर रडू आलं आणि रिक्षावाला आरशातून बघत राहिला. असो. म्हणून हे पोस्टानं.

जितेशनं मला सगळं सांगितलंय. उल्हासनगरला दुकानात तू गिऱ्हाइकाला ड्रेसचं कापड दाखवत होतीस, शेठाणीनं कोपऱ्यातला टीव्ही लावला, आणि त्यातली बाई म्हणाली, "नमस्कार, आपण पाहत आहात साजिरी." शेठाणी वर म्हणाली म्हणे, चॅनल का नाम कितना मीठा रखा है. तू कापड तसंच टाकून चपला घातल्यास आणि घरी आलीस. ती टीव्हीवाली वाहिनी कुणाच्या ऑफिसातून निघते हे तुला कुणी सांगायची गरज नव्हती.

हे नाव जगात तिघांनाच माहीत होतं. तू, जितेश आणि मी. तुला सातवा महिना लागला तेव्हा तुम्ही मला जेवायला बोलावलंत आणि सांगितलंत, मुलगी झाली तर साजिरी. आईला सांगायचं नाही, तुझ्या माहेरी सांगायचं नाही, बारशाला पाळण्यापाशी आत्या कानात सांगेल तेव्हाच सगळ्यांना कळेल. मी त्या रात्री किती हरखले होते ते तू पाहिलंयस. माझं स्वतःचं काही झालं नाही, लग्नही नाही आणि लेकरूही नाही, पण आत्या व्हायचा मान मिळणार होता. बारशापर्यंत गोष्ट गेलीच नाही. काचेच्या पेटीतून ती बाहेर आलीच नाही. हॉस्पिटलच्या कागदांवर ती 'बेबी ऑफ किर्ती' होती आणि तशीच गेली.

आता झालं काय ते सांगते. आमच्या सरकारी टीव्ही केंद्राची एक दुसरी वाहिनी आहे, जी कुणी बघत नाही. माझ्या नोकरीत तिची तीन नावं झाली. साहेब बदलला की नाव बदलतं, पाटी बदलते, लेटरहेड बदलतं आणि कार्यक्रम तेच राहतात. या वेळी ती बायकांसाठी करायची ठरली. दिल्लीहून एका एजन्सीनं नावं पाठवली, 'नारी प्लस', 'गृहिणी चोवीस तास', असली. आमचे बुद्धभूषण सर वैतागले आणि म्हणाले, बाहेरच्यांचं राहू दे, आपल्यातलं कुणी बोला. आणि माझ्या तोंडातून ते निघून गेलं. खरंच निघून गेलं, किर्ती. मग कुणी थांबलंच नाही.

मीटिंग जानेवारीत झाली. वाहिनी जूनमध्ये सुरू झाली. मधल्या काळात तुला सांगायला मला वेळ नव्हता असं मी म्हणणार नाही. रोज म्हणायचे, आज सांगते.

मी सरांशी बोलून नाव बदलून घेते. मला थोडे दिवस दे.

बकुळाताई


अंबरनाथ, ५ जुलै

किर्ती,

तुझं उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, पण रोज खाली पेटीत हात घालून बघते.

सरांकडे गेले होते. आधी म्हटलं, नाव बदलूया, बरं वाटत नाही. त्यांनी विचारलं का. मी म्हटलं, असंच. ते हसले. मग दार लावून घेतलं आणि खरं ते सांगितलं, तुझं, बाळाचं, सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भला माणूस आहे. म्हणाले, "बकुळाताई, मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही. आता ते नाव तुमचंही नाही आणि माझंही नाही. दिल्लीची सही झाली."

बदलापूर गावात आईकडे गेले, म्हटलं ती तरी माझी बाजू घेईल. तिला जितेशनं सगळं सांगितलेलंच होतं. ती भाकरी थापत होती. वर बघितलं पण नाही. म्हणाली, "नाव काय रेशनचं धान्य हाय का, गावभर वाटाया?" मला जेवायला वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. निघताना नेहमी डब्यात काहीतरी भरून देते, ते पण या वेळी विसरली. की विसरली नसेल.

रिक्षांच्या पाठीवर जाहिरात लागली आहे. स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असतात आणि प्रत्येकीवर गुलाबी अक्षरांत ते नाव. मी मान खाली घालून चालते.

बकुळा


अंबरनाथ, २२ ऑगस्ट

किर्ती,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते तोंडातून निघून गेलं नव्हतं.

सरांनी आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की उद्या प्रत्येकानं एक नाव चिठ्ठीवर लिहून आणायचं. मी घरून लिहून नेलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसून, शांतपणे, चांगल्या अक्षरात. दुसरं काही सुचत नव्हतं असंही नाही.

का, ते सांगते. तुला पटेल की नाही माहीत नाही. बारशासाठी मी तयारी करत होते ना. एकटीच घरात असते, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ते नाव म्हणून बघायचे. कानात सांगायचं म्हणजे किती हळू सांगायचं, 'सा' जरा लांबवायचा की नाही, असलं काहीतरी. वेडेपणा. पण तोंडाला सवय लागली. ती गेली आणि सवय राहिली. तुमच्याकडे यायचे तेव्हा तिचा विषय निघायचा नाही. तुम्ही दोघांनी तिचे कपडे, पाळणा, सगळं आवरून टाकलं आणि चहा देताना पावसाबद्दल बोललात. मी बोलले तर तुम्हाला त्रास होईल म्हणून मी पण पावसाबद्दल बोलले. घरी येऊन एकटीनं भिंतीला नाव सांगायचे. मला वाटलं, कुणीतरी ते मोठ्यानं म्हणावं. रोज म्हणावं. अख्ख्या महाराष्ट्रानं म्हणावं.

हे झालं चांगलं कारण. दुसरं पण होतं. सरांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि माझ्या चिठ्ठीला टाळ्या पडल्या. मी तिथं काय करते तुला माहीत आहे, निवेदिकांनी दोन कार्यक्रमांच्या मध्ये काय बोलायचं ते लिहून देते. 'नमस्कार' पासून 'पाहत राहा' पर्यंत सगळं माझं असतं, पण पडद्यावर दिसतात त्या आणि साड्यांची चौकशी होते त्यांच्या. त्या दिवशी पहिल्यांदा पुष्पगुच्छ माझ्या हातात आला. मी तो घेतला. फोटोला उभी राहिले. सरांनी विचारलं, कसं काय सुचलं हो? आणि मी हसून म्हटलं, "सुचलं असंच."

ते 'असंच' मला झोपू देत नाही. नाव दिलं त्यापेक्षा ते जास्त टोचतं.

मैत्रेयी नावाची निवेदिका ते म्हणते, संध्याकाळी. तिला मीच शिकवलं. पहिल्या दिवशी ती जाहिरातीसारखं ठणकावून म्हणत होती, मी तिला थांबवलं. म्हटलं, घरातल्या पोरीला झोपेतून उठवतेस असं म्हण. पोरगी हुशार, लगेच जमलं तिला. तेवढं एक मी मनापासून केलं, पण ते कुणासाठी केलं हे मला विचारू नकोस.

तू मला शिव्या घाल, पण घाल. गप्प राहू नकोस.

बकुळा


अंबरनाथ, २६ नोव्हेंबर

किर्ती,

भाऊबीजेला जितेश आला होता, एकटा. ओवाळून घेतलं, ताटात पाकीट टाकलं, लाडू खाल्ला. तुझ्याबद्दल मी विचारलं नाही, तोच बोलला. पुरुषांना एकदा बोलायला लागलं की थांबता येत नाही.

म्हणाला, ती दुकानातून आता लवकर निघते. शेठाणीला सांगून वेळ बदलून घेतली. घरी आली की हातपाय पण न धुता टीव्ही लावते आणि समोर उभी राहते. ती बाई येते, दोन वाक्यं बोलते, जाते, की ही टीव्ही बंद करते आणि मग कुकर लावायला जाते. मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. तो म्हणाला, मी त्या वेळेला गॅलरीत जाऊन उभा राहतो, मला नाही बघवत.

किर्ती, एवढं स्वतःला जाळून का घेतेस ग? रोज जखमेची खपली काढायची आणि रोज बघायचं, अजून दुखतंय का. हे सगळं माझ्यामुळे. मी तुझ्या घरात रोज संध्याकाळी घुसते आणि तुला छळून जाते.

मी जितेशला म्हटलं, केबलवाल्याला सांगून ती वाहिनीच बंद करून टाक. तो म्हणाला, बोलून बघितलं, अंगावर आली.

मी हे थांबवते. कसं ते मला माहीत नाही, पण थांबवते. या एका बाबतीत तरी मला तुझ्या उपयोगी पडू दे.

बकुळा


अंबरनाथ, ११ मार्च

प्रिय किर्ती,

आज पहिल्यांदा 'प्रिय' लिहायची हिंमत केली आहे, कारण आज माझ्याकडे तुला द्यायला काहीतरी आहे.

दिल्लीत नवे साहेब आले. आले म्हणजे नावं बदलणार हे ओघानं आलंच. त्यांना देशभरच्या सगळ्या वाहिन्यांना एकसारखी नावं हवीत, राज्याचं नाव आणि पुढे आकडा. आमच्या केंद्राची मीटिंग झाली. गंमत अशी, की साहेबांनी स्वतःच सांगितलं, तुमची साजिरी तेवढी राहू दे वाटल्यास, लोकांना आवडलेली दिसते. खरंच आवडली आहे. साताऱ्याहून, चंद्रपूरहून बायकांची पत्रं येतात. बुद्धभूषण सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, राहू द्या, चांगलं चाललंय.

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत मीटिंगमध्ये मी कधी उभी राहून बोलले नव्हते. म्हटलं, नाही सर, हे नाव नको. जुनाट वाटतं. पोरींना आवडत नाही. बाहेरच्या राज्यात कुणाला अर्थ कळत नाही. ऐकायला बरं वाटतं पण लक्षात राहत नाही. एकेक खोटं मी तोंड वर करून बोलले. माझ्याच भाचीच्या नावाला मी चारचौघांत नावं ठेवली, आणि प्रत्येक शब्दाला मला हलकं वाटत गेलं, कारण प्रत्येक शब्द तुझ्यासाठी होता. सरांना वाटलं असेल, हिचं हिला माहीत.

ठरलं. एक एप्रिलपासून ती 'महाराष्ट्र तीन'. परिपत्रक लिहायचं काम मी मागून घेतलं. आमच्याकडची पद्धत अशी, की नाव बदललं की जुनं नाव त्या दिवसापासून कुणी उच्चारायचं नाही. चुकून बोललं तर निवेदिकेला मेमो मिळतो. मी लिहिलं, की 'साजिरी' हे नाव यापुढे पडद्यावर, निवेदनात, पत्रव्यवहारात कुठेही वापरू नये, आणि त्या नावाच्या सर्व ध्वनिचित्रफिती, जाहिराती, मथळे नष्ट करावेत. अक्षय म्हणून एक मुलगा आहे, ज्यानं ती गुलाबी अक्षरं काढली होती, तो बिचारा विचारत होता, एक तरी ठेवू का मॅडम आठवण म्हणून. मी म्हटलं, एक पण नको.

किर्ती, तुमचं होतं ते तुम्हाला परत आणून दिलं. आता ते पुन्हा फक्त तुमचं आहे. रस्त्यावर नाही, रिक्षावर नाही, कुणा परक्याच्या तोंडात नाही. तू माफ कर असं मी म्हणत नाही, पण संध्याकाळी शांतपणे हातपाय धू, चहा घे. एवढंच मला हवं होतं.

तुझी,
बकुळाताई


अंबरनाथ, ४ एप्रिल

काल तुझा फोन आला. दहा महिन्यांनी मोबाइलवर तुझं नाव दिसलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवून मी तो उचलला. मला वाटलं, झालं, मिटलं एकदाचं. मी आधी जितेशची तब्येत विचारली, मूर्खासारखी.

तू म्हणालीस, "ताई, तीन दिवस झाले. ती बाई भलतंच काहीतरी म्हणते."

मी म्हटलं, हो, बंद झालं ते. मीच बंद करवलं. तुला पत्रात लिहिलं होतं. तू म्हणालीस, तुझी पत्रं मी उघडत नाही, कपाटात ठेवून देते. मग मी तुला सगळं सांगितलं, मीटिंग, साहेब, परिपत्रक, अगदी उत्साहानं सांगितलं. तू ऐकून घेतलंस.

मग तू म्हणालीस, "रोज संध्याकाळी कुणीतरी तिला हाक मारायचं ग. आता कोण मारणार?"

आणि ठेवलास.

रात्रभर मी बसून होते. जितेशनं जे सांगितलं होतं ते सगळं मी ऐकलं होतं, शब्दन्‌शब्द, आणि मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. तू लवकर निघायचीस ते तिची हाक ऐकायला पळत यायचीस. हातपाय न धुता उभी राहायचीस ते चुकू नये म्हणून. सुरुवातीला मला मारून टाकावं असं तुला वाटलं असेल, हे मी मानते. पण पुढं कधीतरी तुझं बदललं, आणि मी मात्र तुझ्या जूनच्या रागालाच उत्तरं देत बसले. पहिल्या वेळी तुला न विचारता नाव दिलं. दुसऱ्या वेळी तुला न विचारता काढून घेतलं. दोन्ही वेळा मला वाटत होतं, मी तुमच्यासाठी करतेय. एवढी शहाणी मी.

सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या अक्षयला गाठलं. म्हटलं, मैत्रेयीच्या आवाजातली एक तरी जुनी घोषणा कुठं उरली असेल, मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये, कुठंही. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मॅडम, तुम्हीच तर समोर बसून सगळं डिलीट करून घेतलंत. मैत्रेयीला कॅन्टीनमध्ये विचारलं, एकदा म्हणशील का माझ्यासाठी, मी मोबाइलवर घेते. ती घाबरली. मेमोची भीती, आणि ते परिपत्रक लिहिलेलं माझंच. मी तिला म्हटलं, राहू दे बाई, तुझं बरोबर आहे.

बरं झालं नाही म्हणाली ते. ती म्हणाली असती तर मी ते तुला मोबाइलवर पाठवलं असतं आणि तू रोज कुकर लावायच्या आधी ते ऐकत बसली असतीस, आणि आपल्याला पुन्हा कधी एकमेकींशी बोलावं लागलं नसतं. आपण तिघं आहोत ज्यांना ते नाव माहीत होतं. तिघांपैकी एकानंही ते दुसऱ्यासमोर कधी घेतलेलं नाही. जेवायला बोलावलंत त्या रात्रीनंतर एकदाही नाही. मी ते टीव्हीतल्या बाईच्या तोंडी घातलं, तू टीव्हीतल्या बाईकडून ऐकलंस, आणि जितेश गॅलरीत जाऊन उभा राहिला. घरच्या माणसांना जे जमलं नाही ते पगार घेऊन एक परकी मुलगी करत होती, आणि तिचंही तोंड मी बंद केलं.

मला तुझी माफी हवी आहे. हे आज सरळ लिहिते. पण ती मागायला मी येणार नाही. येणार आहे ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला. रविवारी संध्याकाळी, तुझ्या त्या टीव्हीच्या वेळेला. टीव्ही लावू नकोस. जितेशला आत बसव. तिघं बसू आणि तिच्याबद्दल बोलू. ती कशी मूठ आवळायची ते तू सांग, मी काचेतून नीट पाहिलं नव्हतं. मला रडू आलं तर येऊ दे, तुला राग आला तर तो पण येऊ दे. पावसाबद्दल मात्र कुणी बोलायचं नाही.

तू माझी पाकिटं उघडत नाहीस, हे काल कळलं. म्हणून या वेळी बाहेरच लिहिलं आहे. पत्त्यावर तुझं नाव नाही. वर 'साजिरीची आई' आणि खाली फ्लॅटचा नंबर. पोस्टमन खालून त्याच नावानं हाक मारेल. वॉचमन म्हणेल, असं इथं कुणी राहत नाही. तू वरून सांग, राहते म्हणून.

तिची आत्या,
बकुळा